तीनशे विजयांचा पिचर पुन्हा होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये आजवर अवघ्या २४ पिचरना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूंना, कारकिर्दीत ३०० विजय मिळवता आले, असे तुमच्या वाचनात आले. क्रिकेटमध्ये मुरलीधरनने कसोटीत ८०० आणि कुंबळेने ६१९ बळी घेतलेले असताना ३०० हा आकडा एवढा अवघड का मानतात, आणि यापुढे कोणी तिथवर पोहोचेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. शिवाय तिकडे राहणारा तुमचा भाचा ‘पिचरचे विजय मोजण्यात काही अर्थच नाही’ असे म्हणतो आणि त्यावरून तुमचा त्याच्याशी वाद झाला, असेही तुम्ही लिहिले आहे. मी जळगावला कॉलेजात असताना सॉफ्टबॉल खेळलो, मैदानावरची माझी पुंजी तेवढीच. मात्र गेली एकवीस वर्षे न्यू जर्सीत हौशी लीगच्या सामन्यांचा स्कोअर मी लिहीत आलो आहे आणि विजय कोणाच्या खात्यावर मांडायचा हे टेबलामागे बसून शेकडो वेळा ठरवले आहे. त्यामुळे उत्तरही स्कोअररच्या बाजूनेच देतो.

बळींशी केलेली तुलना आधी बाजूला ठेवावी लागेल. बळी हा गोलंदाजाचा स्वतःचा असतो. झेल दुसऱ्याने घेतला तरी चेंडू त्याचा असतो. बेसबॉलमध्ये त्याच्या जवळ जाणारा आकडा म्हणजे स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइकवर बाद केलेला बॅटर. ‘विजय’ हा प्रकार मात्र आपल्याकडे नाहीच. कल्पना करा की भारताने एकदिवसीय सामना जिंकला आणि नियमाने तो विजय अकरापैकी एकाच गोलंदाजाच्या नावावर लिहिला. कोणाच्या नावावर लिहायचा? बेसबॉलच्या नियमाचे उत्तर असे आहे की, ज्या आघाडीने शेवटी सामना जिंकून दिला ती आघाडी संघाने घेतली तेव्हा जो पिचर खेळात होता, त्याच्या खात्यावर विजय जातो. पण सामना सुरू करणारा पिचर असेल तर त्याने नऊपैकी किमान पाच इनिंग (एक इनिंग म्हणजे तीन आउट) पूर्ण केलेल्या असल्या पाहिजेत, आणि तो निघून गेल्यावर ती आघाडी एकदाही पुसली जाता कामा नये. प्रतिस्पर्ध्याने बरोबरी साधली, मग ती क्षणभरासाठी का असेना, की पहिल्या पिचरचा विजय गेला. त्याचा संघ पुढे दहा रनांनी जिंकला तरी त्याच्या नावापुढचा रकाना कोराच राहतो.

ही पाच इनिंगची अट कागदावर साधी दिसते. काही वर्षांपूर्वीच्या एका रविवारी आमच्या लीगमध्ये एक शाळामास्तर पिचिंग करत होते, वय छत्तिशीच्या पुढे. त्यांचा संघ ७–१ असा पुढे होता, पाचव्या इनिंगमध्ये दोन आउट झाले होते आणि त्यांच्या मधल्या बोटाला आलेली फोड फुटली. चेंडूच्या शिवणीला रक्त लागलेले पाहून पंचांनी चेंडू बदलला आणि मॅनेजरने पिचर बदलला. दुसऱ्या पिचरने तो उरलेला एक आउट घेतला आणि पुढच्याच इनिंगमध्ये चार रन दिले. तिसऱ्याने शेवटच्या तीन इनिंग एकही रन न देता टाकल्या आणि सामना ७–५ असा संपला. सुरुवात करणारा अपात्र ठरला की, ज्या रिलीव्हरची, म्हणजे नंतर आलेल्या पिचरची, कामगिरी सर्वांत परिणामकारक ठरली असे स्कोअररला वाटते त्याला विजय द्यावा, असा नियम आहे. मी तिसऱ्याच्या नावापुढे विजयाचे अक्षर लिहिले. मास्तर बोटाला पट्टी गुंडाळून टेबलापाशी आले आणि वहीकडे बघत म्हणाले, ‘एका आउटसाठी?’ मी हो म्हणालो आणि खोडरबर खिशातच राहू दिला. त्या दिवशी संघाला जिंकून देणारा माणूस तेच होते, याबद्दल मैदानावर कोणाच्याही मनात शंका नव्हती, माझ्याही नव्हती.

ही कुरबुर जुनी आहे. १८८४ साली प्रॉव्हिडन्सच्या चार्ली रॅडबोर्नने एका हंगामात ५९ सामने जिंकले की ६०, यावर अजून एकमत नाही. एका सामन्यात आधीच्या पिचरने पाच इनिंग टाकून आघाडी हाती सोपवली आणि उरलेला सामना रॅडबोर्नने संपवला. त्या काळच्या रिवाजाने तो विजय रॅडबोर्नचा, आजच्या नियमाने आधीच्याचा. पड गॅल्विनच्या कारकिर्दीचे विजय काही नोंदींत ३६१ आहेत, काहींत ३६५. पाच इनिंगचा नियम १९५० साली नियमपुस्तकात पक्का झाला, त्याआधी पुष्कळसे स्कोअररच्या मर्जीवर चाले. तेव्हा २४ जणांच्या यादीकडे पाहताना हे ध्यानात असावे की तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाचे आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ३०० विजय दुर्मिळ का? माझ्या मते हा आकडा पिचर किती चांगला आहे याच्याइतकाच, सामन्याचा निकाल लागतो त्या घडीला त्याला माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, किती काळ उभे राहू दिले जाते, याचा आकडा आहे. हाताची ताकद गेल्या चाळीस वर्षांत कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. घटली आहे ती सामन्यात राहण्याची मुभा.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला यादीत शेवटी दाखल झालेल्या माणसाच्या सामन्यात मिळतो. ४ जून २००९ रोजी वॉशिंग्टनमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून रँडी जॉन्सन आपल्या ३००व्या विजयासाठी उतरला. सामना आदल्या दिवशीचा होता, पावसामुळे लांबलेला, आणि प्रेक्षागारात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. पंचेचाळीस वर्षांच्या जॉन्सनने सहा इनिंगमध्ये अवघ्या दोन हिट दिल्या आणि २–१ अशी आघाडी असताना तो बाहेर आला. मग आठव्या इनिंगमध्ये वॉशिंग्टनने तिन्ही बेस भरले. दोन आउट झालेले, समोर ॲडम डन हा धिप्पाड फटकेबाज, आणि मोजणी तीन बॉल दोन स्ट्राइकवर आलेली. पुढचा चेंडू स्ट्राइकच्या चौकटीबाहेर गेला असता तर तो चौथा बॉल ठरून वॉशिंग्टनला फुकटात एक रन मिळाला असता, बरोबरी झाली असती आणि जॉन्सनचा विजय तिथेच संपला असता. चेंडू ब्रायन विल्सनच्या हातात होता. त्याने टाकलेला चेंडू डनने सोडला, पंचांनी स्ट्राइक दिला, इनिंग संपली. पुढे जायंट्सने आणखी तीन रन काढले आणि सामना ५–१ असा जिंकला. बावीस हंगामांत मिळवलेल्या तीनशेपैकी तीनशेवा विजय डगआउटमध्ये बसून, दुसऱ्याच्या एका चेंडूवर, पंचांच्या एका इशाऱ्यावर मिळाला.

जॉन्सनचे नशीब तरी चांगले. रॉजर क्लेमेन्सला २००३ मध्ये या एका विजयासाठी चार प्रयत्न करावे लागले. त्यांपैकी एकात तो शिकागोत १–० अशी आघाडी असताना बाहेर आला आणि रिलीव्हरने एरिक कॅरोसला तीन रनांचा होम रन दिला. टॉम ग्लॅव्हिनचा २००७ मधला पहिला प्रयत्नही असाच बुलपेनने घालवला. बुलपेन म्हणजे मैदानाच्या कडेची ती जागा जिथे राखीव पिचर हात मोकळे करत असतात. सामना सुरू करणाऱ्या पिचरच्या विजयाची चावी अर्धा वेळ तिथेच असते.

याच्या शेजारी १९८५–८६ चे तीनशेवे विजय ठेवून पाहा. ऑगस्ट १९८५ मध्ये टॉम सीव्हरने न्यूयॉर्कमध्ये पूर्ण नऊ इनिंग टाकून सामना ४–१ असा जिंकला. जून १९८६ मध्ये डॉन सटनने टेक्ससला नऊ इनिंगमध्ये तीनच हिट देऊन ५–१ असे हरवले. या दोघांच्या मध्ये, ६ ऑक्टोबर १९८५ रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, फिल नीक्रोने टोरोंटोत ८–० अशी मात केली, तीही नऊ इनिंग एकट्याने टाकून. नीक्रोबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण असा सामना मी दुसरा ऐकलेला नाही. त्याची उभी कारकीर्द नकलबॉलवर उभी होती: बोटांच्या टोकांनी धरलेला, जवळजवळ न फिरता जाणारा हळू चेंडू, जो बॅटरपर्यंत पोहोचताना कुठे वळेल हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. हा चेंडू त्याला वडिलांनी शिकवला होता. आधीचे काही प्रयत्न फसले होते, वय शेहेचाळीस. आणि त्या दिवशी नवव्या इनिंगमध्ये दोन आउट होईपर्यंत त्याने नकलबॉल टाकलाच नाही. शेवटचा बॅटर जेफ बरोज समोर आला, अटलांटातला त्याचा जुना सहकारी, तेव्हा मात्र त्याने तो बाहेर काढला आणि स्ट्राइकआउट करून सामना संपवला. कोणाच्या हातात चेंडू सोपवायचा हा प्रश्नच त्या दिवशी उद्भवला नाही.

यादीत शेवटी आलेल्या चौघांपैकी, म्हणजे क्लेमेन्स, मॅडक्स, ग्लॅव्हिन आणि जॉन्सन यांपैकी, एकानेही आपला तीनशेवा सामना स्वतः संपवलेला नाही. मॅडक्स तर सहाव्या इनिंगमध्येच बाहेर आला होता. चौघेही थोर पिचर, यात वाद नाही. पण वीस वर्षांत खेळ कोणत्या दिशेने गेला ते यातून दिसते.

आता गणित मांडू. हंगाम १६२ सामन्यांचा. पूर्वी चार पिचर पाळीपाळीने सुरुवात करत, म्हणजे एकेकाच्या वाट्याला चाळीसच्या आसपास सामने येत. १९७९ मध्ये नीक्रोने ४४ सामने सुरू केले, ३४२ इनिंग टाकल्या आणि हंगाम २१ विजय, २० पराभव असा संपवला. आता पाच जणांची पाळी असते, म्हणून निरोगी पिचरलाही ३२–३३ सामनेच मिळतात. जुन्या पद्धतीत पिचर उशिरापर्यंत राहत असल्याने चाळिसांपैकी बत्तीस सामन्यांचा निकाल, विजय वा पराभव, त्याच्या नावावर लागतो असे धरा. शंभरात साठ जिंकणारा उत्तम पिचर असेल तर वर्षाला एकोणीस विजय. तीनशेला सोळा वर्षे पुरतात. आताच्या पद्धतीत बत्तिसांपैकी एकवीस निकाल त्याच्या नावावर लागले, तर तेवढाच उत्तम पिचर वर्षाला बारा-तेरा विजय मिळवील आणि तीनशेला तेवीस-चोवीस वर्षे लागतील. हा हिशेब ढोबळ आहे. संघ चांगला असेल तर आकडा वर सरकतो, दुखापत आली तर कोसळतो. पण वयाच्या बाविसाव्या वर्षी सुरुवात करून पंचेचाळिशीपर्यंत एकही वर्ष वाया न घालवता खेळणारा माणूस किती वेळा जन्माला येईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

मॅनेजर पिचरला लवकर का काढतात, हे विचारणारे बरेच जण असतात आणि त्यांना बहुतेक वेळा ‘आजची मुले नाजूक’ असे उत्तर मिळते. मला ते पटत नाही. एक बॅटर एकाच पिचरला सामन्यात तिसऱ्यांदा तोंड देतो तेव्हा त्याला चेंडू ओळखीचे झालेले असतात. हे मला आकडेवारीवाल्यांच्या आधी माझ्या वहीत दिसले. मी प्रत्येक फाउलसाठी, म्हणजे बॅटला लागून रेषेबाहेर गेलेल्या चेंडूसाठी, रकान्यात एक ठिपका देतो; पहिल्या फेरीत ज्या बॅटरच्या चौकटीत एकही ठिपका नव्हता, त्याच्याच चौकटीत तिसऱ्या फेरीत चार-पाच ठिपके दिसू लागतात. म्हणजे चेंडू चुकत नाही, फक्त अजून नीट बसत नाही. पुढचा बसतो. मेजर लीगमध्ये अशा वेळी मॅनेजरच्या हाताशी सहा-सात ताजे पिचर असतात, ज्यांना एकच इनिंग पूर्ण जोर लावून टाकायची असते. दमलेल्या उत्तम पिचरपेक्षा ताजा मध्यम पिचर बरा, असा तो हिशेब आहे आणि संघ जिंकायचा असेल तर तो बहुधा बरोबरच ठरतो. शिवाय कोपराच्या शस्त्रक्रियेत एक-दीड वर्ष आणि कराराचे कोट्यवधी डॉलर जातात, ही भीती असतेच. एका हंगामात ३०० इनिंग टाकणारा शेवटचा पिचर स्टीव्ह कार्लटन, १९८० मध्ये. २०२२ मध्ये सँडी अल्कांताराने २२८ इनिंगच्या वर टाकून सहा सामने स्वतः संपवले, तेव्हा लोकांनी त्याच्याकडे जुन्या काळातून आलेल्या पाहुण्यासारखे पाहिले.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग उत्तर सरळ आहे, आता कोणी होणार नाही. मी इतक्या ठामपणे ते म्हणणार नाही, आणि त्याचे कारण इतिहासातच आहे. तीनशेचा पहिला मानकरी गॅल्विन, १८८८ मध्ये. पिचर आणि बॅटर यांच्यातले आजचे ६० फूट ६ इंचांचे अंतर ठरले १८९३ मध्ये, म्हणजे त्याच्याही नंतर. १९०१ पर्यंत साय यंग धरून सात जण झाले. यंगने पुढे ५११ पर्यंत मजल मारली आणि ८१५ सुरू केलेल्या सामन्यांपैकी ७४९ स्वतः संपवले. मग मॅथ्यूसन, प्लँक, वॉल्टर जॉन्सन, अलेक्झांडर आणि १९४१ मध्ये लेफ्टी ग्रोव्ह, असे पाच. त्यानंतर वीस वर्षे कोणीच नाही. १९६१ मध्ये वॉरन स्पॅन आला, ज्याचा पहिला विजयच महायुद्धातून परतल्यावर वयाच्या पंचविसाव्या वर्षी लागला होता. १९६३ मध्ये अर्ली विन, आणि पुन्हा एकोणीस वर्षे दार बंद. मग १९८२ ते १९९० या काळात एकदम सहा जण आत आले: पेरी, कार्लटन, सीव्हर, नीक्रो, सटन, रायन. ही एकाच पिढीची माणसे. साठच्या दशकात ती दाखल झाली तेव्हा पिचरचा वरचष्मा होता, पाळी चार जणांची होती आणि सामना सुरू केला तर संपवायचा ही रीत होती. परिस्थिती जुळली की पीक एकदम येते, हे या यादीने दोनदा दाखवले आहे.

अर्ली विनबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आडनाव विन, आणि तोच शब्द त्याच्या वाट्याला येईना. १९६२ च्या सप्टेंबरमध्ये २९९ झाले आणि हंगाम संपेपर्यंत तीनशेवा काही लागला नाही. शिकागोच्या संघाने त्याला मोकळे केले. पुढच्या वर्षी क्लीव्हलंडने त्याला घेतले, वय त्रेचाळीस, संधिवाताने पाय धरलेले. १३ जुलै १९६३ रोजी कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने कशाबशा पाच इनिंग पूर्ण केल्या आणि ५–४ अशी नाजूक आघाडी ठेवून तो बाहेर आला. जेरी वॉकरने उरलेल्या चार इनिंगमध्ये एकही रन दिला नाही आणि सामना ७–४ असा संपला. विनला त्यानंतर एकही विजय मिळाला नाही, बरोबर ३०० वर तो थांबला. ग्रोव्हचेही तसेच: तीनशेवा विजय तोच शेवटचा.

काठावरून परतलेल्यांची यादीही पाहण्यासारखी आहे. बॉबी मॅथ्यूज २९७ वर थांबला. टॉमी जॉन २८८ वर. ज्या कोपराच्या शस्त्रक्रियेला आज त्याचेच नाव आहे ती १९७४ मध्ये त्याच्यावर झाली आणि १९७५ चा संपूर्ण हंगाम गेला. माइक मुसीनाने २००८ मध्ये कारकिर्दीत प्रथमच एका हंगामात २० विजय मिळवले आणि २७० विजय खात्यावर असताना निवृत्ती घेतली. तो आणखी दोन-तीन वर्षे खेळला असता तर पोहोचला असता, असे पुष्कळांना वाटते. मला तो निर्णय फार आवडतो.

आता भाच्याचे म्हणणे. एका हंगामापुरते तो बरोबर आहे. २०१८ मध्ये जेकब डीग्रॉमचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे स्वतःच्या दोषाने दिलेले रन, १.७० होता, एवढी उत्कृष्ट पिचिंग करून त्याच्या नावावर १० विजय आणि ९ पराभव लागले. २०२५ मध्ये पॉल स्कीन्सचा ईआरए १.९७ आणि हिशेब १०–१०. दोघांनाही त्या वर्षीचा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, म्हणजे मतदार विजयांकडे पाहायचे केव्हाच थांबले आहेत. उलट बाजूने १९७२ मधला कार्लटन पाहा: फिलाडेल्फियाने अख्ख्या हंगामात ५९ सामने जिंकले, त्यांतले २७ एकट्या कार्लटनचे. दुबळ्या संघात राहूनही विजय खेचून आणता येतात, पण त्यासाठी शेवटपर्यंत टाकण्याची मुभा लागते.

संपूर्ण कारकिर्दीच्या बाबतीत मात्र मी भाच्याशी सहमत नाही. सहाशे-सातशे सामन्यांत नशिबाचे चढउतार बऱ्याच अंशी एकमेकांना पुसून टाकतात आणि मागे उरतो तो टिकाव. सटनने एका हंगामात २० विजयांचा टप्पा एकदाच गाठला, तरी ३२४ पर्यंत गेला, कारण दरवर्षी तो हजर असे. रँडी जॉन्सनकडे एकोणतिसाव्या वर्षी, १९९२ च्या अखेरीस, फक्त ४९ विजय होते. बाकीचे अडीचशे त्यानंतरचे. नीक्रोने तर चाळिशी उलटल्यावर १२१ विजय मिळवले. यादीत एकही सुमार पिचर नाही. पण यादीबाहेर राहिलेला तिच्यातल्यांपेक्षा कमी, असे त्यावरून ठरत नाही: सँडी कोफॅक्स तिसाव्या वर्षी, त्या हंगामात २७ विजय मिळवून, दुखऱ्या कोपरामुळे थांबला तो १६५ वर, आणि पेद्रो मार्टिनेझ २१९ वर. ‘सर्वांत थोर कोण’ या प्रश्नाला तीनशेचा आकडा उत्तर देत नाही. ‘कोण सर्वांत जास्त काळ, सर्वांत जास्त वेळा, सामन्याच्या मध्यावर उभा होता’ या प्रश्नाला देतो.

जपानचा उल्लेख ओझरता करतो, कारण तिथेही हेच घडले. मासाइची कानेदाने १९५० ते १९६९ या काळात ४०० विजय मिळवले, आणि बरीच वर्षे दुबळ्या संघात काढल्यामुळे त्याच्या नावावर २९८ पराभवही आहेत. आज तिथे २०० हाच मोठा टप्पा धरला जातो. मासाहिरो तानाकाने २०२५ मध्ये जपान आणि अमेरिका मिळून तो गाठला तेव्हा मोठा सोहळा झाला.

अमेरिकेतही आता खरी सीमा दोनशेवर येऊन ठेपली आहे. ॲडम वेनराइटने १८ सप्टेंबर २०२३ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मिलवॉकीविरुद्ध सात इनिंग एकही रन न देता टाकल्या, सेंट लुइसने सामना १–० असा जिंकला आणि त्याचे बरोबर २०० विजय झाले. त्या हंगामात त्याचे ५ विजय आणि ११ पराभव होते. त्यानंतर त्याने पुन्हा पिचिंग केली नाही. २०२५ चा हंगाम संपला तेव्हा खेळत असलेल्यांत दोनशेच्या पुढे जस्टिन व्हर्लँडर २६६ वर आणि मॅक्स शेर्झर २२१ वर होते; क्लेटन कर्शॉ २२३ वर निवृत्त झाला. त्यांच्यामागचा गेरिट कोल १५३ वर होता आणि २०२५ चे त्याचे संपूर्ण वर्ष कोपराच्या शस्त्रक्रियेत गेले.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर व्हर्लँडरपाशी येऊन थांबते. २०२५ च्या अखेरीस त्याला ३४ विजय हवे होते आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये त्याला त्रेचाळीस पूर्ण झाली. २०१९ मध्ये त्याने २१ विजय मिळवले होते. २०२० मध्ये एकच सामना खेळून तो जिंकला, मग कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि २०२१ संपूर्ण गेले. ती दोन वर्षे नेहमीसारखी गेली असती तर आज आपण वेगळ्या आकड्यावर बोलत असतो. २०२५ मध्ये त्याने वाईट पिचिंग केली नाही, तरी जुलैच्या उत्तरार्धापर्यंत त्याला पहिला विजयच मिळेना आणि हंगामाचा हिशेब ४–११ असा झाला. वर्षाला अकरा-बाराच्या हिशेबाने आणखी तीन पूर्ण हंगाम, तेही शेहेचाळिशीपर्यंत: माझा अंदाज असा की तो पोहोचणार नाही. त्याच्यानंतर कोणी पोहोचायचा असेल तर एक तर पाच इनिंगचा नियम बदलावा लागेल, किंवा नीक्रोसारखा हाताला न शिणवणारा चेंडू घेऊन कोणी तरी यावा लागेल आणि एखाद्या मॅनेजरने त्याला रोज सातव्या इनिंगपर्यंत उभे राहू द्यावे लागेल. नकलबॉल शिकवणारे आता फारसे उरलेले नाहीत.

भाच्याला वाद पुढे न्यायचा असेल तर त्याला एक हंगामभर आपल्या आवडत्या पिचरची वही ठेवायला सांगा. विजय-पराभवाच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखावेत: पिचर बाहेर आला तेव्हा कितवी इनिंग चालू होती, आणि त्या क्षणी स्कोअर काय होता. सप्टेंबरअखेर ती वही तुम्ही दोघे मिळून वाचा. त्यातली दहा-बारा पाने मला दाखवलीत तर मलाही आवडेल, फक्त फाउलचे ठिपके द्यायला विसरू नका म्हणावे.